दुर्गम वाडी-पाड्यासाठी विकासनिधी कसा मिळवावा

सरकारी कागदात महसुली गाव असते, ग्रामपंचायत असते, तालुका असतो. वाडी किंवा पाडा मात्र बहुधा कुठेच नसतो. सह्याद्रीच्या किंवा सातपुड्याच्या रांगेतील एका ग्रामपंचायतीत सहा-सात वाड्या असणे ही नेहमीची गोष्ट आहे. त्यांतली एखादी डोंगराच्या टोकाला, गाडीरस्ता संपल्यावर दोन-तीन किलोमीटर पायवाटेवर असते, आणि निधीची वाटणी प्रामुख्याने लोकसंख्येवर होत असल्यामुळे तिच्या वाट्याला येणारी रक्कम वर सिमेंट चढवण्याच्या मजुरीलाही पुरत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्याराज्यांत ग्रामीण संस्थांचा निधी वाटतानाच लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला होता. उंची, अंतर, पाऊस यांना त्या सूत्रात वेगळी जागा नव्हती.

घाटमाथ्यावरच्या ग्रामपंचायतींचे आराखडे तयार करायला मदत करताना माझे एक मत पक्के झाले आहे. वाडीची अडचण निधीच्या तुटवड्याइतकीच नोंदीच्या अभावाची असते. जिला कागदावर नाव, लोकसंख्या आणि जागा नाही, तिच्यासाठी कोणत्याही योजनेत रक्कम टाकता येत नाही. त्यामुळे सरपंच, सदस्य, वाडीतील शिकलेली मुले आणि बचत गटाच्या महिला यांच्यासाठी लिहिलेल्या या लेखात योजनांच्या आधी नोंदीचा विचार केला आहे.

पहिले काम: वाडीची वही

एक शंभर पानी वही घ्यावी आणि एका रविवारी सगळी घरे फिरून तिच्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसे किती, अनुसूचित जमातीची किती, अनुसूचित जातीची किती, शाळेत जाणारी मुले किती, घरापासून पाणी किती अंतरावर, हे लिहून काढावे. हे आकडे पुढे प्रत्येक प्रस्तावात लागतात आणि ऐन वेळी ते कोणाकडेच नसतात. पाण्याची नोंद एप्रिल-मे महिन्यात करावी, कारण नोव्हेंबरमध्ये पाहणीला आलेल्या माणसाला झरा वाहताना दिसतो आणि तो टंचाई नाही असे लिहून जातो. रस्त्याची नोंद आणि छायाचित्रे मात्र जुलैत घ्यावीत.

लोकसंख्येच्या आकड्याला फार महत्त्व आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातील वस्तीसाठी ५०० लोकसंख्येची अट असताना डोंगराळ राज्यांतील आणि अनुसूचित क्षेत्रातील वस्तीसाठी ती २५० आहे. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातील तीन विशेष दुर्बल जमातींच्या वस्त्यांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात तर १०० लोकसंख्येची वस्तीही रस्त्याला पात्र ठरते. ग्रामसडक योजनेत कोणत्या जनगणनेचा आकडा धरला जातो हे तिच्या टप्प्यानुसार बदलते. चौथ्या टप्प्यासाठी २०११ ची जनगणना आधार आहे. शेजारच्या दोन वाड्या एकमेकींना खेटून असतील आणि स्वतंत्रपणे एकही पात्र होत नसेल, तर त्यांना एक वस्ती धरता येते का, हे आधी विचारून घ्यावे आणि मगच प्रस्ताव लिहावा.

आता एक क्षुल्लक वाटणारी बाब. मी पाहिलेल्या एका वाडीचे नाव मतदार यादीत ‘ठाकरवाडी’, शाळेच्या शिक्क्यावर ‘ठाकूरवाडी’ आणि ग्रामपंचायतीच्या ठरावात ‘वरची वाडी’ असे होते. तिन्ही कागद एकाच प्रस्तावाला जोडले गेले आणि प्रस्ताव त्रुटीत निघून परत आला. नाव एक ठरवावे, ग्रामसभेत ठराव करून ते कायम करावे आणि त्यानंतर प्रत्येक कागदावर तेच लिहावे.

आपला भाग अनुसूचित क्षेत्रात असेल, तर याहून भक्कम मार्ग आहे. राज्यात १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे आणि तिथल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्यासाठी महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले. त्या नियमांप्रमाणे पाड्यातील मतदार ठराव करून आपला पाडा स्वतंत्र ‘गाव’ म्हणून जाहीर करण्याची मागणी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करू शकतात. असे गाव जाहीर झाले की त्याची ग्रामसभा वेगळी होते, कोष वेगळा ठेवता येतो आणि मोठ्या गावाच्या बहुमताखाली पाड्याची मागणी दबून जात नाही. कागदपत्रांना वेळ लागतो, पण माझ्या मते दुर्गम पाड्याने सर्वांत आधी करण्याजोगे हेच काम आहे.

कोणता पैसा कुठून येतो

निधीची दारे अनेक आहेत आणि प्रत्येक दाराची किल्ली वेगळ्या कचेरीत असते. गावाच्या हातातला सर्वांत थेट पैसा म्हणजे वित्त आयोगाचा निधी. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात त्यातील ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे निम्मी स्वच्छतेसाठी आणि निम्मी पिण्याचे पाणी व जलसंधारणासाठी. उरलेली ४० टक्के अबंधित रक्कम स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येत होती, मात्र पगार आणि आस्थापनेवर नाही. राज्यात या निधीतील ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला जात असे. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ असल्याने जुन्या टक्केवारीवर आराखडा न बेतता चालू शासन निर्णयाची प्रत पंचायत समितीतून मागून घ्यावी. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना याखेरीज पेसाचा पाच टक्के अबंध निधी मिळतो. आदिवासी उपयोजनेच्या, म्हणजे आदिवासींच्या विकासासाठी वेगळ्या ठेवलेल्या, रकमेतील हा हिस्सा २०१५ च्या शासन निर्णयापासून थेट ग्रामपंचायतीच्या पातळीवर दिला जातो आणि त्यावर ग्रामसभेचा शब्द चालतो.

दुसरे मोठे दार जिल्हा वार्षिक योजनेचे आहे. राज्यघटनेच्या कलम २४३ झेडडी प्रमाणे स्थापन झालेल्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. या योजनेचे सर्वसाधारण, आदिवासी उपयोजना आणि अनुसूचित जाती उपयोजना असे तीन भाग असून तिन्हींचा पैसा वेगवेगळ्या यंत्रणांमार्फत उतरतो. आदिवासी वस्तीतील अंतर्गत रस्ता, समाजमंदिर किंवा वीज यासाठी ठक्कर बाप्पा वस्ती सुधारणा योजना आहे आणि तिची वाट एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयातून जाते. अनुसूचित जातींच्या वस्तीची कामे समाजकल्याण विभागाकडे असतात आणि त्यांचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा असतो. त्यात वस्तीचे नाव नसेल तर मधल्या काळात कितीही अर्ज केले तरी उपयोग होत नाही.

डोंगरी विकास कार्यक्रम राज्यात १९९०-९१ पासून चालू आहे. यात तालुके पूर्णगट आणि उपगट असे विभागलेले आहेत, आणि उपगट तालुक्यात फक्त यादीतील गावेच पात्र असतात. तालुका डोंगरी आहे म्हणजे आपले गाव डोंगरी आहे, असे गृहीत धरून केलेला अर्ज पहिल्याच टेबलावर अडतो. ही यादी जिल्हा नियोजन कार्यालयात पाहायला मिळते.

आमदार आणि खासदारांचा स्थानिक विकास निधी प्रत्येकी वर्षाला पाच कोटी रुपये आहे. खासदार निधीत दरवर्षी अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी १५ टक्के आणि अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी साडेसात टक्के रकमेची कामे सुचवणे अपेक्षित असते, ही गोष्ट पत्र लिहिताना पहिल्याच ओळीत नोंदवावी. ग्रामविकास विभागाचे ‘पंचवीस-पंधरा’ आणि रस्त्यांचे ‘तीस-चोपन्न’ ही नावे तालुक्याच्या कचेरीत रोज कानावर पडतात. ती लेखाशीर्षांची, म्हणजे अर्थसंकल्पातील खात्यांची, आकडी नावे आहेत. पंचवीस-पंधरामधून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावातली कामे होतात. तीस-चोपन्नमधून रस्त्याची कामे होतात, पण त्यासाठी रस्त्याला ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून क्रमांक असावा लागतो. वाडीचा रस्ता बहुतेक वेळा बिनक्रमांकाचा असतो. म्हणून आधी तो ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, लांबी-रुंदीसह चढवावा, आणि जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे क्रमांक मिळण्यासाठी ठराव पाठवावा. रस्ता मिळवण्याची सुरुवात खडी-डांबरापासून होते असे आपल्याला वाटत असते. प्रत्यक्षात ती एका नोंदवहीतल्या ओळीपासून होते.

राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रम राबवला जातो, ज्याच्या निळ्या एसटी गाड्यांतून मुली शाळेत जातात. आपल्या वाडीपर्यंत ही गाडी येत नसेल तर मुलींची संख्या आणि शाळेची वेळ लिहून तहसीलमार्फत मागणी करावी. जलजीवन मिशनमध्ये लोकवर्गणीची अट साधारण गावांना दहा टक्के असली तरी डोंगराळ, वनक्षेत्रातील आणि निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या असलेल्या गावांना ती पाच टक्के आहे. कोणी दहा टक्के मागत असेल तर ही तरतूद दाखवावी. आदिवासी गावांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानही आहे. त्याच्या यादीत आपले गाव आहे का, हे प्रकल्प कार्यालयात विचारावे.

सधन म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील दुर्गम तालुक्यांना एक वेगळे दुखणे आहे. १९८४ च्या दांडेकर समितीपासून अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाची तूट, मोजताना जिल्हा हे एकक धरले गेले, त्यामुळे नाशिकमधील सुरगाणा-पेठ, अहिल्यानगरमधील अकोले किंवा पुण्यातील वेल्हे यांची अवस्था जिल्ह्याच्या सरासरीत झाकली गेली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठीची विकास मंडळे तर एप्रिल २०२० अखेर मुदत संपून बंद पडली. अशा तालुक्यातील गावांनी जिल्ह्याची आकडेवारी कधीच जोडू नये. तालुक्याची आणि शक्यतो वाडीची जोडावी.

ठराव असा लिहावा

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. डोंगरातल्या वाडीतून लोक गावच्या चावडीपर्यंत येत नाहीत, कारण येण्या-जाण्यात रोज बुडतो. त्यामुळे आधी वाडीतच वॉर्डसभा आणि महिलांची सभा घ्यावी, तिथल्या मागण्या लिहून सह्या-अंगठे घ्यावेत आणि तो कागद ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवायला लावावा.

ठरावाच्या भाषेबद्दल मी थोडा हटवादी आहे. ‘वाडीला पाणीपुरवठ्याची व्यवस्था करण्यात यावी असे सर्वानुमते ठरले’ या ओळीवर कोणत्याही अभियंत्याला काही करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘मौजे अमुक येथील तमुकवाडी, ४२ कुटुंबे, लोकसंख्या २१०, पैकी अनुसूचित जमाती १९६. या वाडीच्या पश्चिमेस ओढ्यालगत गट क्रमांक अमुकमधील ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जागेत सार्वजनिक विहीर, सौरपंप आणि पाच हजार लिटरची टाकी बांधण्याचे काम आदिवासी उपयोजनेतून प्राधान्यक्रम १ ने घेण्यात यावे. हे काम यापूर्वी अन्य कोणत्याही योजनेतून घेतलेले नाही. देखभालीची जबाबदारी ग्रामपंचायत घेईल.’ सूचक आणि अनुमोदकाचे नाव, ठराव क्रमांक, तारीख आणि शिक्का हे त्यात असतेच. एका ठरावात एकच काम असावे. दहा कामांचा एक ठराव दहा कचेऱ्यांत पाठवला की प्रत्येक जण ते दुसऱ्याचे काम आहे असे समजतो.

हेच काम त्याच नावाने ग्रामपंचायत विकास आराखड्यात असले पाहिजे आणि आराखडा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर चढलेला असला पाहिजे. आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा कोणालाही तिथे उघडून पाहता येतो. एकदा तो उघडून वाडीचे नाव शोधून पाहावे. बहुतेकांना धक्का बसतो.

जागेचा कागद

मंजूर झालेली कामे अडण्याचे माझ्या अनुभवातील पहिले कारण जागा हे आहे. एका वाडीच्या विहिरीसाठी निधी आला, मोजणी झाली, आणि मग कळले की ज्या भावाने तोंडी जागा दिली होती त्याच्या सातबारावर आणखी दोन भावांची आणि एका बहिणीची नावे आहेत. एक भाऊ भिवंडीला, बहीण सासरी. संमतीपत्रांसाठी चार महिने गेले, मार्च उलटला आणि निधी व्यपगत झाला. तेव्हापासून मी सातबारा आणि आठ-अ हातात आल्याशिवाय प्रस्तावाचा पहिला कागदही लिहीत नाही. खासगी जागा असेल तर सर्व सहहिस्सेदारांच्या सह्यांचे नोंदणीकृत बक्षीसपत्र करून ग्रामपंचायतीचे नाव सातबारावर चढवून घ्यावे. शंभर रुपयांच्या मुद्रांकावरचे संमतीपत्र आज चालले तरी पुढच्या पिढीत तेच भांडणाचे मूळ होते.

वाडी वनजमिनीने वेढलेली असेल तर ‘वनखात्याची जागा आहे, काही होणार नाही’ हे वाक्य ऐकून परत फिरू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, वीज व दूरसंचार वाहिन्या, तळी, पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्या, पाणी साठवण्याची बांधकामे, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य प्रशिक्षण केंद्र, रस्ते आणि समाजमंदिर अशा तेरा सोयींसाठी प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करण्याची तरतूद आहे. अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. यासाठीचा प्रस्ताव ठराविक नमुन्यात विभागीय वन अधिकाऱ्यांपर्यंत जातो आणि दिल्लीपर्यंत जाण्याची गरज पडत नाही. कामाच्या जागेचा नकाशा, झाडांची मोजणी आणि ग्रामसभेचा ठराव हे तीन कागद नीट असतील, तर या वाटेने काम होते.

अंदाजपत्रक: इथे थांबून पाहावे

दुर्गम वाडीचा घात अंदाजपत्रकात होतो आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. वाळू, खडी, सिमेंट कुठून किती किलोमीटरवरून येणार याचा तक्ता अंदाजपत्रकाला जोडलेला असतो. त्याला बांधकामाच्या कचेरीत ‘लीड’ म्हणतात. अभियंत्याने तालुक्याला बसून तक्ता केला तर अंतर गाडीरस्त्यापर्यंतचे धरले जाते आणि पुढची पायवाट हिशेबातून गळते. हिशेब साधा आहे. सिमेंटचे पोते ५० किलोचे. चढावर माणूस एका खेपेला अर्धे पोते नेईल, दिवसाला चार खेपा म्हणजे दोन पोती. शंभर पोत्यांना ५० मनुष्यदिवस लागतात, आणि वाळू-खडीचे वजन सिमेंटच्या कितीतरी पट असते. ही डोईवाहतूक अंदाजपत्रकात नसेल तर निविदेला कोणी फिरकत नाही, किंवा जो फिरकतो तो वाळूत हात आखडता घेतो आणि पहिल्या पावसाळ्यात टाकी पाझरू लागते.

म्हणून कनिष्ठ अभियंत्याला एक दिवस वाडीवर न्यावे. गाडी संपते तिथे त्यांच्यासोबत छायाचित्र घ्यावे, तिथून वाडीपर्यंत दोरीने किंवा मोबाइलवर अंतर मोजावे आणि अवघड वाहतुकीचा दर लावण्याची विनंती लेखी द्यावी. वाडीजवळ चांगला दगड मिळत असेल तर काँक्रीटऐवजी दगडी बांधकामाचा पर्याय सुचवावा. वाहतूक घटते आणि मजुरी वाडीतच राहते. अभियंत्यांना वाडी चढायला लावणे आपल्याला संकोचाचे वाटते, पण माझा अनुभव असा आहे की एकदा वर आलेला अभियंता त्या वाडीला विसरत नाही.

वेळेचे गणित

पुढच्या आर्थिक वर्षाच्या पैशासाठी आदल्या पावसाळ्यात कामाला लागावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये वही आणि सातबारे, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मागणीची चर्चा, २ ऑक्टोबरच्या सुमारास आराखड्याच्या ग्रामसभेत ठराव, दिवाळीनंतर अंदाजपत्रक, आणि नाताळाच्या आधी प्रस्ताव संबंधित कचेरीत, हा क्रम साधला तर जानेवारीत जिल्ह्याचा प्रारूप आराखडा ठरताना आपला कागद टेबलावर असतो. फेब्रुवारीत धावाधाव करणाऱ्यांची संख्या मोठी असते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

तरीही फाल्गुन अगदीच वाया घालवू नये. मार्चच्या मध्याला काही यंत्रणांचा अखर्चित निधी समर्पित होण्याच्या, म्हणजे शासनाकडे परत जाण्याच्या, मार्गावर असतो आणि तो अन्य कामाकडे वळवताना ज्याचे कागद पूर्ण आहेत त्यालाच तो मिळतो. ठराव, सातबारा, अंदाजपत्रक आणि दाखले यांचा एक संच नेहमी तयार ठेवणाऱ्या ग्रामपंचायतीला अशा वेळी अनपेक्षित काम मिळून जाते.

प्रस्ताव देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी. तोंडी चौकशीत ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच उत्तर मिळते. आवक क्रमांक सांगितला की कागद कोणत्या टेबलावर आहे ते कळते. महिन्याभराने लेखी स्मरणपत्र द्यावे आणि त्रुटी असल्यास लेखी कळवण्याची विनंती करावी. एवढ्याने न भागल्यास माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, पण तो पहिल्या आठवड्यात टाकून संबंध ताणू नयेत.

काम सुरू झाल्यावर

प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि कार्यारंभ आदेश या तिन्हींच्या प्रती वाडीत कोणाकडे तरी असाव्यात. पाया भरण्याच्या दिवशी, स्लॅबच्या दिवशी आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद होते त्या दिवशी वाडीतील दोन माणसे हजर असली तर बाकी फारसे काही करावे लागत नाही. तक्रार असेल तर ती काम चालू असताना लेखी द्यावी. पूर्णत्वाचा दाखला निघाल्यावर तिचे वजन उरत नाही.

पंपाचे वीजबिल कोण भरणार, टाकीचा व्हॉल्व्ह कोण सोडणार आणि त्याला महिन्याला किती द्यायचे, हे काम संपण्यापूर्वी वाडीच्या सभेत ठरवून इतिवृत्तात लिहावे. काम ताब्यात आले की ते ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवून घ्यावे आणि वाडीच्या वहीतही त्याची तारीख, रक्कम, योजनेचे नाव व अंदाजपत्रकाची एक प्रत चिकटवावी, कारण दुरुस्तीचा प्रस्ताव करताना सर्वांत आधी विचारले जाते ते मूळ काम कोणत्या योजनेतून आणि कोणत्या वर्षी झाले हेच.